अशोक मामाचे (म्हणजे अशोक सराफचे) सिनेमे कसे पाहायचे (खास करून मंडईच्या नाटकात काम करणाऱ्या पोट्ट्यांसाठी)

पयले सांगून ठेवतो, 'अशी ही बनवाबनवी'पासून सुरू करू नका. तो पाठ आहे सगळ्याले, पाठ झालेला सिनेमा पाहताना आपण अभिनय पाहत नाही, पुढचा डायलॉग आपणच आधी बोलून मोकळे होतो. तो मागं ठेवा.

आता दिवाळी झाली की आपल्याकडे झाडीपट्टीत गावोगाव मंडया (नाटकं होते त्या जत्रा) सुरू होतात, गडचिरोलीकडच्या वडस्याच्या नाटक कंपन्या बुक होतात, आणि प्रत्येक गावात एखादा पोट्टा असतो ज्याले विनोदी पार्ट करायचा असतो. तो काय करते, तोंड वाकडं करते, लुंगी वर करते, आवाज चिरका काढते, लोक दहा मिनिटं हसते आणि मग तंबाखू मळत बसते. अशा पोट्ट्यानं अशोक सराफ नीट पाहावा. माणूस १९४७ चा, मुंबईचा, स्टेट बँकेत नोकरी करता करता नाटकं केली, 'हमीदाबाईची कोठी'सारखं गंभीर नाटकही केलं, आणि मग ५० वर्षं सिनेमा, टीव्ही, नाटक सगळीकडे हजर. २०२५ ला पद्मश्री भेटला, लय उशिरा भेटला असं माझं मत.

पाहायचं कसं ते ऐका. वर्षाच्या क्रमानं पाहू नका, कंटाळा येते. कामाच्या जोड्या लावा. म्हणजे १९७५ चा 'पांडू हवालदार' लावा, त्यात मामा दादा कोंडक्यासोबत हवालदार आहे, आणि दुसऱ्या दिवशी २०११ चा हिंदी 'सिंघम' लावा, तिथंही अंगावर खाकीच. खाकी तीच पण माणूस पूर्ण वेगळा, एक लबाडीत रमलेला आणि दुसरा नोकरीनं पिचलेला. तसंच बापाचं. 'हम पांच' मालिकेतला आनंद माथूर, पाच पोरीयचा बाप, भिंतीवरच्या फोटोतली मेलेली बायकोही त्याले बोलते, आणि २०२२ च्या 'वेड'मधला रितेशचा बाप. दोन्हीत बापाची काळजीच आहे, फक्त एकात ती हसवते आणि दुसऱ्यात घशात अडकते.

मधात एक गंभीर घालाच. 'वजीर' घ्या, १९९४ चा, राजकारणाचा, समोर विक्रम गोखले. आमच्या घरी आजी विचारत बसली, हा हसवत काहून नाही. एवढंच लक्षात ठेवा की पाहणाऱ्याले आधी सांगायचं नाही, पाहू द्यायचं. आणि विदर्भातल्या माणसानं 'निशाणी डावा अंगठा' सोडू नये, सिनेमा त्याच नावाच्या कादंबरीवरचा, कादंबरी बुलडाण्याच्या मास्तराची, रमेश इंगळे उत्रादकरांची, प्रौढ साक्षरता मोहिमेत झेडपीच्या शाळेतले गुरुजी कागदावर कसे लोक साक्षर करते ते. आपल्या शाळेतले दोन-चार गुरुजी आठवल्याशिवाय राहत नाही.

मग 'बनवाबनवी'. आता आवाज बंद करून पाहा. हो, बंद. घरमालक सरपोतदारांचे सत्तर रुपये बुडाले तो सीन लावा. सरपोतदार झालेला सुधीर जोशी पैशे विचारते आणि मामाच्या तोंडावर असं सुतक, असं सुतक, की आवाज नसतानाही कळते हा माणूस धादांत खोटं बोलून राह्यला. डोळे मोठे नाही, हात हलत नाही. तोच खरं मानून बोलते म्हणून आपण हसतो. मग आवाज चालू करून पुन्हा पाहा आणि बोलायच्या आधी किती थांबते ते पाहा. समोरचा बोलत असताना मामा काय करते ते तर जास्त पाहा, कारण आपल्या नाटकात पोट्टे स्वतःचा डायलॉग संपला की पब्लिककडे पाहत उभे राहते.

'करण अर्जुन'मधला मुन्शी यासाठीच पाहायचा. काम छोटं, समोर ठाकूर झालेला अमरीश पुरी आणि बाकी सगळी मोठी माणसं, पण ठाकूरच्या बाजूले उभं राहून नुसतं भेणं आणि चापलुसी करूनही मुन्शी लोकाईच्या ध्यानात राह्यला. पार्ट लहान भेटला म्हणून डायरेक्टरसंग भांडणाऱ्यानं हा दोनदा पाहावा.

गाण्यासाठी 'कळत नकळत' ठेवा, १९८९ चा, त्यातलं रुसलेल्या लहान पोरीले मनवायचं गाणं मामानं स्वतः म्हटलं आहे. सूर गायकाचा नाही, घरातल्या मामाचा आहे, आणि तेच पाहिजे होतं तिथं.

बाकी सोयीचं सांगतो. रात्री लाईनचा भरोसा नाही, म्हणून मोबाईल चार्ज करून ठेवा, नेट असेल तिथं सिनेमा ॲपमध्येच डाउनलोड करून ठेवा, कट करून तुकडे टाकलेले व्हिडिओ पाहू नका, त्यात नेमकं ते थांबणंच कापलेलं असते. घरात चार-पाच जणं बसून पाहा, चौकात पडदा लावून गावाले दाखवायचं असेल तर परवानगी लागते.

आणि मग तालमीत एक करून पाहा. आपल्याच नाटकातला विनोदी सीन तोंड वाकडं न करता, आवाज न बदलता, एकदम खरं समजून करा, आणि समोर बाया बसवा, पोट्टे नको, पोट्टे दोस्ताले पाहूनच हसते. बाया हसल्या तर तसाच ठेवा. नाही हसल्या तर डायलॉगच पडेल आहे, लेखकाले जाऊन सांगा.