मोठ्या पूर्ण संख्येचे गुणधर्म तपासताना या चुका टाळा

९,००,७१,९९,२५,४७,४०,९९३ ही सोळा अंकी संख्या, म्हणजे २ चा ५३ वा घात अधिक १, तपासायला घेतली तर पहिली चूक बहुधा गणित सुरू होण्याआधीच होते. एक्सेलच्या सेलमध्ये ती टाइप केली की शेवटच्या ३ च्या जागी ० येतो, कारण तेथे पंधराच सार्थ अंक टिकतात. जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या म्हणून लिहिल्यास ती ९९२ वर संपते. त्यामुळे ही विषम संख्या एकीकडे १० ने भाग जाणारी ठरते, तर दुसरीकडे २ चा निव्वळ घात होऊन बसते आणि पुढे काढलेले विभाजक भलत्याच संख्येचे असतात. सेल ‘टेक्स्ट’ केल्यास अंक दिसायला शाबूत राहतात, परंतु त्यांवर आकडेमोड करताच दोष परततो. जावास्क्रिप्टमध्ये बिगइंट हा मोठ्या पूर्णांकांसाठीचा प्रकार वापरावा. पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठा चालतो, मात्र भागाकाराला एकच तिरपी रेघ दिली तर उत्तर दशांशात जाऊन अचूकता गमावते. तेथे दोन रेघा हव्यात. शेवटचे तीन अंक ताडून पाहणे हा मला सर्वांत स्वस्त उपाय वाटतो.

११ च्या कसोटीत एकाआड एक अंकांची बेरीज-वजाबाकी उजवीकडून सुरू करावी. वरील संख्येत तसे केल्यास उणे २ येते, म्हणजे बाकी ९. डावीकडून सुरू केल्यास अधिक २ येते आणि बाकी २ असल्याचा भास होतो. भाग जातो की नाही एवढेच पाहायचे असेल तर दिशेने फरक पडत नाही, म्हणूनच ही चूक बराच काळ लपून राहते.

अवयव पाडताना वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागतात, आणि येथे ती मर्यादा ९ कोटी ४९ लाखांच्या आसपास आहे. अंकांची बेरीज ७८ असल्याने ३ ने भाग जातो, पुढे १०७ नेही जातो, आणि उरतात २८,०५,९८,१०,७६,२४३३ नव्हे, तर २,८०,५९,८१,०७,६२,४३३. स्वल्पविरामांची अशी गल्लत नेहमीचीच आहे. आता मर्यादा या उरलेल्या संख्येच्या वर्गमूळावर, सुमारे ५३ लाखांवर, आणायला हवी. जुनीच ठेवल्यास उत्तर बरोबर येते, पण वेळ विनाकारण जातो. ही उरलेली संख्या मूळच असल्याने तिन्ही घातांक १ आहेत. विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केल्यास ८ येतात. मिळवायचे विसरल्यास १.

संख्या मूळ आहे का हे पाहणाऱ्या फर्माच्या कसोटीत तिच्यापेक्षा लहान एखादा पाया घेऊन, त्याच्या (संख्या उणे १) व्या घाताला त्या संख्येने भागल्यास बाकी १ उरते का, हे पाहतात. तीत नापास झालेली संख्या मूळ नसतेच, परंतु पास झालेली मूळ असेलच असे नाही. २ चा १० वा घात १०२४ म्हणजे ३४१ ची तिप्पट अधिक १, म्हणून २ च्या ३४० व्या घाताला ३४१ ने भागल्यास बाकी १ उरते. तरीही ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१. ५६१ तर तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या प्रत्येक पायाला फसवते. अशा वेळी फर्माच्या कसोटीचे अधिक कडक रूप असलेली मिलर–राबिन कसोटी घ्यावी. वीस अंकी संख्यांपर्यंत २ ते ३७ या बारा मूळ संख्यांचे पाये तिला पुरतात.