अल्बिनिझम: गोव्यात हक्क मागायचे कुठे आणि कसे

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याला जोडलेल्या यादीत दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. अल्बिनिझम, म्हणजे जन्मतःच कातडी, केस आणि डोळ्यांत रंगद्रव्य नसणं किंवा फार कमी असणं, त्यात नाही. म्हणून 'मुलाला अल्बिनिझम आहे, सवलत मिळावी' असा अर्ज कचेरीतून परत येतो आणि घरचे समजतात की आपलं कोणी ऐकत नाही. अल्बिनिझममध्ये नजरही कमी असते, तेव्हा अर्ज डोळ्यांच्या नावाने करा, म्हणजे 'अल्पदृष्टी' या प्रकारात. उन्हापासून कातडीचं संरक्षण ही दुसरी मागणी. ती वेगळ्या दारात, वेगळ्या कागदावर न्यायची. दोन्ही एकाच अर्जात घातल्या की बहुतेक वेळा दोन्ही लटकतात.

त्याआधी एक साधी गोष्ट. ज्याच्यासाठी धडपडताय त्याला विचारलंय का? मोठ्या माणसाच्या संमतीशिवाय त्याच्या नावाने अर्ज करू नका. मदतीचं आवाहन म्हणून लहान मुलाचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. पैसे दोन दिवस येतात, फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतो.

घरात आणि वाड्यावर काय सांगायचं

हे कोड नाही, महारोग नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. शरीरात रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, तयारच होत नाही किंवा फार कमी होतं. नेहमीच्या प्रकारात आई आणि बाप दोघेही वाहक असतात, दोघांचा रंग इतरांसारखाच असतो, आणि प्रत्येक गरोदरपणात मूल असं जन्मण्याची शक्यता चारात एक असते. हे वाक्य सासूसमोर, नवऱ्यासमोर मुद्दाम बोला, कारण दोष बहुतेक वेळा आईच्या माथी मारला जातो: ग्रहणात बाहेर गेली म्हणून, नाहीतर त्याहून वाईट संशय. दोघांकडून आलेली गोष्ट आहे, एकटीची नाही. फक्त डोळ्यांपुरत्या अल्बिनिझमचा एक प्रकार मात्र आईकडून मुलग्यांत उतरतो. तो कोणता हे डोळ्यांच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

देवाचा कौल घ्यायचा तर घरच्यांना घेऊ द्या, त्यावर वाद घालत बसू नका. तपासणीची तारीख मात्र चुकता कामा नये.

मूल सहज काळंनिळं पडत असेल, नाकातून वारंवार रक्त येत असेल, तर दात काढण्याआधी किंवा कुठल्याही शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगा. अल्बिनिझमच्या एका दुर्मीळ प्रकारात रक्त लवकर थांबत नाही. तपासणी होईपर्यंत अॅस्पिरिन देऊ नका.

कमी दिसणं आकड्यात आणा

अल्बिनिझममध्ये डोळ्याच्या पडद्याच्या मधला, बारीक पाहण्याचा भाग नीट घडलेला नसतो आणि बुबुळं सतत हलतात. चष्मा उपयोगी पडतो, पण नजर ६/६ वर, म्हणजे पुरती, आणत नाही (खालचा आकडा जितका मोठा तितकं कमी दिसतं). दिव्यांगत्वाचा दाखला देणारं वैद्यकीय मंडळ नजर मोजतं ती योग्य चष्मा लावून. म्हणून आधी नंबर काढून नवा चष्मा करा आणि मग जा. जुन्या चष्म्याने मोजलेला आकडा पुढे आक्षेपात अडकतो.

गणित असं आहे. बऱ्या डोळ्याची नजर ६/१८ किंवा त्याहून चांगली असेल तर दाखल्यावर दिव्यांगत्वाचे ४० टक्के मिळत नाहीत, दुसरा डोळा कितीही वाईट असो. दोन्ही डोळे ६/१८ पेक्षा वाईट पण ६/६० पर्यंत असतील तर ४० टक्के. बरा डोळा त्याच पट्ट्यात आणि दुसरा ६/६० च्याही खाली, ३/६० पर्यंत गेलेला असेल तर ५०. म्हणजे तक्त्यावरची एक ओळ, ६/१८ की ६/२४, सगळं ठरवते. ती ओळ घाईगर्दीत मोजली जाऊ नये म्हणून सकाळी लवकर जा. मूल उन्हातून आल्या आल्या खुर्चीत बसवू नका, डोळे दिपलेले असतात. अर्धा तास सावलीत बसू द्या.

दाखल्याचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, प्रकार 'अल्पदृष्टी' निवडायचा. तपासणी बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांपैकी पोर्टलवर दिसेल तिथे. सोबत आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि जुने डोळ्यांचे कागद. दाखल्यावर प्रत्येक डोळ्याचा आकडा वेगळा आणि कारणाच्या रकान्यात अल्बिनिझम व निस्टॅग्मस (डोळ्यांची सततची हालचाल) हे शब्द आलेत का, ते तिथेच उभं राहून वाचा. तक्ता वाचता न येणाऱ्या लहान मुलाला ठरावीक मुदतीचा दाखला मिळू शकतो. मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

अडतं कुठे? एक, नावात. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं 'Porob' (परब) आणि आधारवर दुसऱ्याच स्पेलिंगचं. हे आधी दुरुस्त करा. दोन, आधार नोंदणीत. डोळे हलत असल्याने बुबुळाचं यंत्र पुन्हा पुन्हा नकार देतं. बुबुळाची छाप मिळत नसेल तर बोटांच्या ठशांवर नोंदणी होते, तसं केंद्रचालकाला सांगा. तीन, टक्के ४० च्या खाली आले की लोक कागद फेकून देतात. फेकू नका. आरक्षणाला ४० लागतात, पण शाळेतल्या सोयी आणि अपमानाविरुद्धचं संरक्षण यांना नाही. परीक्षेतल्या लेखनिकासाठीही ४० ची अट लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात सांगितलं आहे.

शाळा: खरी लढाई बाकाच्या जागेची

मूल पुस्तक नाकाला लावून भराभर वाचतं आणि फळ्यावरचं काहीच वाचत नाही, म्हणून शिक्षकांना वाटतं नाटक करतंय. जवळचं लांबच्यापेक्षा बरं दिसणं हे अल्बिनिझममध्ये नेहमीचं आहे. पुस्तक डोळ्यांजवळ धरल्याने नजर आणखी बिघडत नाही, धरू द्या.

दुसरी चूक मानेची. काही मुलं फळ्याकडे पाहताना चेहरा एका बाजूला वळवतात, कारण त्या कोनात डोळ्यांची हालचाल कमी होते आणि अक्षर स्थिर दिसतं. 'मान सरळ कर' म्हटलं की त्यांचं दिसणंच काढून घेतलं. त्याऐवजी चेहरा ज्या बाजूला वळतो त्या बाजूच्या पहिल्या बाकावर बसवा. उजवीकडे वळत असेल तर वर्गाच्या उजव्या बाजूला, म्हणजे फळा आपोआप डावीकडे येतो आणि मान कमी वळवावी लागते. खिडकी पाठीमागे हवी, समोर नको. तकाकणाऱ्या पांढऱ्या फळ्यावर दिव्याचं प्रतिबिंब कुठे पडतं ते त्या बाकावर स्वतः बसून पाहा.

ए-४ चं पान ए-३ वर नेलं की अक्षराचा आकार १४१ टक्के होतो. १२ पॉइंटचं अक्षर १७ चं होतं. झेरॉक्सवाल्याकडे एवढंच सांगायचं. घडी घालून लहान केलेली प्रत उपयोगाची नाही.

मुख्याध्यापकांना पत्र असं द्या, मराठीत चालेल. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली तरी सरकारी कामात मराठीचा वापरही मान्य आहे.

'माझी मुलगी इयत्ता चौथीत आहे. चष्मा लावूनही तिला उजव्या डोळ्याने ६/३६ आणि डाव्या डोळ्याने ६/६० दिसतं. म्हणजे इतरांना ३६ मीटरवरून दिसणारं अक्षर वाचायला तिला चांगल्या डोळ्यानेही ६ मीटरवर यावं लागतं. दाखला जोडला आहे. विनंती तीन: पहिल्या बाकावर उजवीकडे जागा, फळ्यावर लिहिताना शिक्षकांनी मोठ्याने वाचणं, चाचणीचे पेपर ए-३ आकारात. १५ दिवसांत या सोयी व्हाव्यात. शक्य नसल्यास कारण लेखी कळवावं.'

दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का व तारीख घ्या. पोच नसलेलं पत्र म्हणजे गप्पा. तीनपेक्षा जास्त मागण्या लिहू नका, दहा लिहिल्या की शाळा त्यातली सर्वांत सोपी निवडते. उत्तर आलं नाही तर प्रत भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे.

बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास. अर्ज परीक्षेचा फॉर्म भरतानाच जोडा, हॉलतिकीट हातात आल्यावर उशीर झालेला असतो. बऱ्याच मुलांना लेखनिक नकोच असतो, मोठं अक्षर आणि वेळ हवा असतो. शाळा सोयीसाठी लेखनिक गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा.

ऊन

गोव्यातल्या बऱ्याच शाळा दुपारी एक-दीडला सुटतात, भर उन्हात. शाळेकडून दुसरं पत्र इथे हवं: पूर्ण बाह्या, काळा चष्मा आणि ८ सेंटीमीटर काठाची टोपी गणवेशात चालेल, आणि कवायत छपराखाली. पुढे झडप असलेली क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडी ठेवते.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं, 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेलं. बाहेर पडण्याआधी १५ ते २० मिनिटं, मग दर दोन तासांनी. चेहरा, कान, मान आणि हातांना एका वेळी साधारण ३ मिली लागतं. दिवसातून दोनदा म्हणजे ६ मिली, आणि ५० मिलीची ट्यूब आठ दिवसांत संपते. कोणी वाढदिवसाला एक ट्यूब भेट देऊन फोटो काढत असेल तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा: महिन्याला चार. त्वचारोग विभागाकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. चिठ्ठी असली की देणगीदाराकडे वा पंचायतीकडे ते औषध म्हणून मागता येतं, सौंदर्यप्रसाधन म्हणून नव्हे.

आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली की आत या. पावसाळ्यातले पातळ ढग अतिनील किरण फारसे अडवत नाहीत, आणि कोरडी वाळू साधारण १५ टक्के किरण परत फेकते, म्हणून किनाऱ्यावर नुसती छत्री पुरत नाही. कान, खालचा ओठ, मान, केसांचा भांग महिन्यातून एकदा बघा. चार आठवड्यांत न भरलेली जखम किंवा खरबरीत खपली लगेच त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. अल्बिनिझममध्ये कातडीचा कर्करोग कमी वयात होऊ शकतो.

टोमणे आणि धमक्या

वर्गातल्या मुलांनी 'पाखलो' (गोरा परदेशी) म्हणून हाक मारणं हे पोलिसांचं काम नाही. शिक्षकांनी दहा मिनिटं रंगद्रव्याचा धडा घेतला तर बरंच थांबतं, पण त्या मुलाला समोर उभं करून नव्हे. बसच्या किलिंडराला 'बोर्ड दिसत नाही, नाव पुकारा' एवढं सांगायला मुलांना शिकवा.

मोठ्या माणसांनी चारचौघांत मुद्दाम अपमान केला किंवा धमकावलं तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याचं कलम ९२ लागतं: सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. तारीख, वेळ, ठिकाण, बोललेले शब्द जसेच्या तसे आणि दोन साक्षीदारांची नावं त्याच दिवशी लिहा. व्हिडिओ असेल तर कापाकापी न करता ठेवा. १ जुलै २०२४ पासून गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. ईमेलने दिली तर तीन दिवसांत सही करायला जावं लागतं. घरातच मारहाण किंवा शोषण होत असेल तर त्याच कायद्याच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे व्यवहारात मामलेदार किंवा उपजिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. मूल असेल तर १०९८, तातडीला ११२.

टांझानिया आणि मलावीत अल्बिनिझम असलेल्यांवर जीवघेणे हल्ले झाले, त्यानंतर संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये १३ जून हा जागृती दिन ठरवला. त्या हल्ल्यांची पोस्टर्स आपल्या शाळेत लावू नका. मुलं घाबरतात आणि इथला प्रश्न, बाक आणि ऊन, बाजूला पडतो. १३ जूनला भाषण ठेवण्यापेक्षा त्या दिवशी वरची दोन पत्रं देऊन पोच घ्या.

शाळा, खातं किंवा मालक हलत नसेल तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी जा. पोच असलेली सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावून, वर एक पानाचा गोषवारा. आयुक्तांची शिफारस संबंधितांना मिळाली की काय केलं ते तीन महिन्यांत कळवणं त्यांना बंधनकारक आहे. ती तारीखही कॅलेंडरवर.