एडीएचडी असताना तारखांचं काम कसं निभवावं

मी कोल्हापुरात छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची रिटर्न्स सांभाळते. दर महिन्याला भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) ११ तारखेला, ३बी (कर भरायचं रिटर्न) २० तारखेला. ३बी चुकली की दिवसाला ५० रुपये लेट फी, व्यवहार शून्य असले तरी २०. एडीएचडी, म्हणजे लक्षावर ताबा न राहण्याची अवस्था, असलेल्या बाईनं हेच काम निवडावं, याचं माझ्या डॉक्टरांनाही हसू आलं होतं. पण सरकारनं तारखा लादल्यात म्हणूनच माझं चालतं. ज्या कामाला तारीख नाही ते माझ्याकडं वर्षानुवर्षं लोळत पडतं.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा: स्वतःच ठरवलेली मुदत. ‘१८ लाच संपवू’ असं डायरीत कितीही ठळक लिहा, खरी तारीख २० आहे हे आत पक्कं ठाऊक असतं. त्यापेक्षा काम कुणातरी माणसाच्या गळ्यात अडकवा. रिटर्न भरताना ओटीपी व्यापाऱ्याच्या मोबाईलवर जातो. मी आदल्या दिवशीच सांगून ठेवते, “शेठ, उद्या ११ वाजता ओटीपी मागणार, फोन जवळ ठेवा.” शेठ गल्ल्यावर वाट बघत असणार, एवढ्यावर मी १० वाजताच खुर्चीत असते. नोकरीत असाल तर सहकाऱ्याला सांगा, “३ वाजता कच्चं का होईना, दाखवतो.” असं कुणी नसेल तर नुसतं शेजारी कुणाला तरी बसवा. माझी जाऊ शिक्षिका आहे. ती समोर बसून पेपर तपासते, मी नोंदी करते. बोलायचं नाही. याला बॉडी डबलिंग म्हणतात. का जमतं ते बाजूला ठेवा, जमतं.

मोबाईलच्या अलार्मला ‘जीएसटी’ असं नाव दिलंत तर तो तुम्ही झोपेतही बंद कराल. हातानं काय करायचं ते लिहा: ‘ऊठ, रॅकमधली हिरवी फाईल काढ, पोर्टलला लॉगिन कर.’ तेवढंच. पुढचं लॉगिन झाल्यावर बघू. आणि फायली बंद कपाटात ठेवू नका. आमच्यासारख्यांना जे दिसत नाही ते नसतंच. माझ्याकडं उघडं रॅक आहे; पाहुण्यांना पसारा वाटतो, वाटू दे.

कामात फोन वाजला तर उचलायच्या आधी कागदावर खूण करा: ‘किराणा, खरेदी, बिल ४७ झालं.’ चार शब्द लिहीपर्यंत रिंग थांबत नाही. हे केलं नाही तर फोननंतर मी पहिल्या बिलापासून सुरू करते, नाहीतर सरळ चहा टाकायला उठते.

उलटा धोकाही आहे. १४ तारखेला पोर्टलवर २बी, म्हणजे खरेदीवरच्या कराचा तयार तक्ता, येतं, ते आपल्या खरेदीशी जुळवताना १८ रुपयांचा फरक निघतो, आणि मी जेवण, तहान, सगळं विसरून त्या १८ रुपयांच्या मागं लागते. ‘लक्ष लागत नाही’ हे एडीएचडीचं अर्धंच वर्णन; लक्ष हवं तिथून निघतही नाही. अशा वेळी अलार्मचा उपयोग शून्य. माझ्या असिस्टंटला मी सांगून ठेवलंय की १ वाजता येऊन लॅपटॉप मिटायचा, मी ओरडले तरी.

‘पाच मिनिटांत होईल’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. एखादं काम सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ महिनाभर भिंतीवरच्या काट्यांच्या घड्याळावरून टिपा. माझी पाच मिनिटं म्हणजे साधारण पंचवीस निघाली.

साहेबांना निदान सांगायचं की नाही ते माणूस बघून ठरवा. नाव न घेताही मागता येतं: “तोंडी सांगू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून टाका, म्हणजे सुटणार नाही.”

इंटरनेटवरची प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. मानसोपचारतज्ज्ञाकडं जा. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून होती का हे ते विचारतातच, म्हणून शाळेची प्रगतिपुस्तकं, नाहीतर आई-मावशी, जे हाताशी असेल ते घेऊन जा. थायरॉईड, अपुरी झोप, चिंता, नैराश्य यांतही लक्ष उडतं. ते आधी तपासून घ्या. कुठं जावं कळत नसेल तर सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. मिथाइलफेनिडेटचा परिणाम घेतल्या दिवशीच जाणवतो, अ‍ॅटोमॉक्सेटिनला काही आठवडे द्यावे लागतात. दोन्हींत बीपी आणि नाडीवर लक्ष ठेवावं लागतं. मैत्रिणीची गोळी ‘बघू तर’ म्हणून घेऊ नका. मिथाइलफेनिडेट चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक मेडिकलात असतंच असं नाही, त्यामुळं संपायच्या आठवडाभर आधी दुकानदाराला फोन करावा लागतो. त्या फोनची आठवण मी नवऱ्याच्या मोबाईलमध्ये लावली आहे.