आतून आलेला माणूस गावात घेताना

१५ ऑक्टोबर २०२५ ला नक्षल्यांचा मोठा नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत हत्यारं ठेवली, तेव्हा तालुक्याच्या चहाटपरीवर सगळे म्हणाले, "चला, संपलं." मी काही बोललो नाही. १९८० पासून जे चाललं ते एका फोटोत संपत नाही. हत्यारं पोलिसांनी मोजून घेतली, पण माणसाला पुन्हा गावात घ्यायचं काम गावालाच करावं लागतं.

मी छत्तीसगडच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावच्या ग्रामसभेचा सचिव. बारा वर्षं तेंदूच्या फळीचा, म्हणजे विडीची पानं गोळा होतात त्या जागेचा, हिशोब लिहितो. या काळात आमच्याकडे तिघं 'आतून', म्हणजे जंगलातल्या नक्षल्यांमधून, परत आले. पुढे ज्या गावांवर ही वेळ येईल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

परत येणाऱ्याच्या घरी आधी जाऊ नका. ज्या घरचा माणूस पोलिसांचा 'खबऱ्या' म्हणून नक्षल्यांकडून मारल्या गेला, त्या घरी जा. सोबत गायता, म्हणजे गावचा पुजारी, आणि त्या घराच्या नात्यातली एक म्हातारी बाई असू द्या. पोलीस, पुढारी, कॅमेरा काही नको. माफीचा शब्द काढू नका. एकेक जागा घेऊन विचारा: तो बाजारात दिसला तर चालेल? फळीवर? विहिरीवर? आमच्या एका बाईने सांगितलं, बाजार चालेल, फळी चालेल, पंडुमला, गावाच्या सणाला, मात्र माझ्यासमोर नको. दोन वर्षं तो पंडुमला आला नाही. तिसऱ्या वर्षी तिनंच गायत्याला सांगितलं, येऊ द्या.

हे शहाणपण मला उशिरा आलं. पहिल्या वेळी मी दोन्ही घरांना गोटुलात, गाव जमतं त्या घरात, बोलावून हात मिळवायला लावले. टाळ्या पडल्या. त्या हंगामात मेलेल्याच्या घरच्यांनी आपली पानं चार किलोमीटर चालत शेजारच्या गावच्या फळीवर नेऊन टाकली.

दुसरं काम ठरावाचं. मेलेला खरंच खबर देत होता की नव्हता, या वादात शिरलात तर रात्र संपेल, ठराव होणार नाही. आम्ही एवढंच लिहिलं: त्याने काहीही केलेलं असो, त्याला मारायचा हक्क कुणालाही नव्हता. लगेच मागून आवाज आला, "आणि आमचं?" रात्री बंदूकवाल्यांना भात घातला म्हणून सकाळी वर्दीवाल्यांचा मार खाल्लेली घरंही गावात आहेत. तेही त्याच ठरावात लिहिलं. नसतं लिहिलं तर अर्ध्या गावाने अंगठा दिला नसता. ठराव माडियात, आमच्या बोलीत, मोठ्यानं वाचून दाखवा. मराठीतला कागद ऐकून लोक नुसती मान हलवतात.

मग कागदपत्रं. चौदा-पंधराव्या वर्षी जंगलात गेलेल्याकडे आधार नाही, रेशनकार्ड नाही, शाळेचा दाखला नाही. उलट मेलेल्याच्या घरी मृत्यूचा दाखलाच नसतो, कारण भीतीपोटी प्रेत गुपचूप उरकलेलं असतं. दोघांची कामं एकाच फेरीत करा, पण पिशवीतला वरचा कागद मेलेल्याच्या घरचा असू द्या. आत्मसमर्पणाची योजना २००५ पासून आहे, त्यात पैसा मिळतो, आणि "मारणाऱ्याला बक्षीस, मेलेल्याला चकरा" हे मी दहा जणांकडून ऐकलंय. त्यांचं म्हणणं खोटं नाही. एका कचेरीत एका बाईला वारसाच्या कागदासाठी सात वेळा परत पाठवलं. आठव्या वेळी आम्ही अकरा जण तिच्यासोबत गेलो.

एक नाजूक गोष्ट. जंगलात लग्नाची परवानगी मागणाऱ्या पुरुषाची नसबंदी केली जायची. नळी पुन्हा जोडायची शस्त्रक्रिया होते, काहींना त्यानंतर मुलंही झालीत. जोडप्याला एकट्यात सांगा. पोराबाळांवरून त्याची थट्टा करणाऱ्याला तिथंच गप्प करा.

काम द्यायचं तर तेंदूचं द्या. हंगाम पंधरा-वीस दिवसांचा, सगळं गाव एका जागी. सत्तर पानांचा एक पुडा, शंभर पुड्यांचा शेकडा. वाळत घातलेले पुडे उलटवायला त्याला लावा, कारण उन्हात वाकून करायच्या त्या कामात कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मोजणी आणि पैसा मात्र पहिली काही वर्षं त्याच्या हातात नको. आतली माणसं तेंदूच्या ठेकेदारांकडून वसुली करायची, ते कोणी विसरलेलं नाही. २००९ मध्ये मेंढा-लेखा गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, मग बाकी गावांनाही. आता हा पैसा ग्रामसभेचा आहे. एक शेकडा कमी भरला तरी बोट त्याच्याकडेच जाईल.

कुणाला गडचिरोली शहरातच राहायचं असेल तर ओढून आणू नका.

राहिला दगड. आमच्याकडे मेलेल्याच्या नावानं दगड उभा करतात. खबऱ्या ठरवून मारलेल्यांचे दगड कित्येक वर्षं भीतीनं उभेच राहिले नाहीत. ती पंडुमवाली बाई यंदा म्हणाली, नवऱ्याचा दगड आणायचा, पण 'त्याचा' हात लागायला नको. मी त्याला तसं सांगितलं. आदल्या दिवशी तो कुऱ्हाड घेऊन गेला आणि नाल्यापासून दगडांच्या जागेपर्यंतची झुडपं तोडून वाट मोकळी करून आला. मी त्याला ते सांगितलं नव्हतं. तुम्हीही कुणाला सांगू नका. आपणहून केलं तर करू द्या. बाईने वाट पाहिली, कुणी केली ते विचारलं नाही.

दगड ओढायला आठ-दहा माणसं लागतात. पाऊस लागायच्या आधी उरकून घ्या, नंतर नाला ओलांडता येत नाही.