हॉर्नच्या मागच्या पेटीला व्हेंट: बंद पेटीपासून सुरुवात

मिडबास हॉर्नमध्ये (बासच्या वरच्या सुरांसाठीचा, ड्रायव्हरपुढे भोंगा असलेला स्पीकर) ड्रायव्हरमागची पेटी बंद ठेवतात ती उगाच नाही. कटऑफजवळ, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीखाली हॉर्न काम करत नाही तिच्या आसपास, हॉर्नच्या गळ्यातली (ड्रायव्हरकडच्या अरुंद तोंडातली) हवा ड्रायव्हरच्या कोनला, म्हणजे हलणाऱ्या पडद्याला, जड पडते. पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी उलट बाजूने काम करून हा भार फेडते. मूळ क्लिप्शहॉर्न या हॉर्न-स्पीकरची मागची पेटी बंद होती ती याचसाठी. मोठं भोक पाडलं की स्प्रिंगच जाते, म्हणून आधी बंद पेटी नीट जमवावी आणि मगच व्हेंटकडे, म्हणजे शोषक भरलेल्या लहान भोकाकडे, वळावं.

पेटीचं माप असं काढा: (गळ्याचं क्षेत्रफळ गुणिले ध्वनीचा वेग) भागिले (६.२८ गुणिले कटऑफ). १० इंची ड्रायव्हर, १७५ चौ. सेंमी गळा आणि ८० हर्ट्झ कटऑफचा एक्स्पोनेन्शियल (ठराविक अंतराला क्षेत्रफळ त्याच पटीने वाढणारा) हॉर्न धरला तर १२ लिटर येतात. पण ड्रायव्हरचं सस्पेन्शनही (कोनला धरून ठेवणारी लवचीक कड) स्प्रिंगच आहे. व्हीएएस (सस्पेन्शनइतकीच स्प्रिंग देणाऱ्या हवेचं आकारमान, ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात असतं) ४० लिटर असेल तर १/१२ मधून १/४० वजा करा आणि १ ला त्या उत्तराने भागा. पेटी १७ लिटरची होते. मॅग्नेट आणि बास्केटची जागा वर मिळवा. ही वजाबाकी राहिली तर पेटी लहान होते आणि हॉर्नच्या तळचा आवाज दुबळा पडतो.

आता बंद पेटीचा इंपीडन्स (फ्रिक्वेन्सीनुसार बदलणारा विद्युत रोध) मोजून ठेवा. हेडफोन आउटपुट, मालिकेत १०० ओहमचा रेझिस्टर, आरईडब्ल्यू हे मोजणीचं सॉफ्टवेअर, २० ते ५०० हर्ट्झ. पुढची प्रत्येक तुलना या आलेखाशीच होणार आहे.

मूळ मागची फळी अजिबात कापू नका. १८ मिमी प्लायवूडची दुसरी फळी करा, ३ मिमी फोमचं गॅस्केट लावून बोल्टने आवळा. होल-सॉने ५० मिमीचं एकच भोक पाडा, म्हणजे साधारण २० चौ. सेंमी. आतून-बाहेरून जाळी लावून मध्ये ओपन-सेल फोम किंवा मलमलीत गुंडाळलेलं ग्लासवूल भरा. ग्लासवूल उघडं ठेवलं तर तंतू मॅग्नेटच्या पोल व्हेंटमधून (मधल्या भोकातून) कॉइलपर्यंत जातात. मॅग्नेटमागे निदान ३० मिमी जागा मोकळी हवी.

भरण घट्ट ठेवून सुरुवात करा, थोडं थोडं सैल करत दर वेळी मोजा. इंपीडन्सच्या आलेखातलं कटऑफजवळचं शिखर खाली येऊन पसरट झालं की व्हेंट हवा तसा, रोधासारखा काम करतोय. काहीच बदललं नाही तर भरण जास्त झालं. एका शिखराच्या जागी दोन दिसली आणि मध्ये दरी पडली तर व्हेंट रिफ्लेक्स पोर्ट (रोध न करता स्वतःच घुमणारं उघडं भोक) झालाय, तेव्हा पुन्हा भरा. व्हेंटमधून ३०० हर्ट्झच्या वरचा आवाज गळत असेल तर पेटीला आतून २५ मिमी जाडीचं शोषक अस्तर लावा.

कटऑफखाली हॉर्न कोनला आधार देत नाही आणि व्हेंटने मागचा आधारही कमी होतो. म्हणून ८० ते ९० हर्ट्झला लावलेला २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) काढू नका, पहिल्या चाचण्या १ व्होल्टवर करा.

कॉम्प्रेशन ड्रायव्हरच्या (वरच्या सुरांच्या हॉर्नला लागणारा, छोट्या डायफ्रॅमचा ड्रायव्हर) मागच्या टोपीत मात्र कधीही ड्रिल चालवू नका. लोखंडी कीस थेट मॅग्नेटच्या गॅपमध्ये, म्हणजे कॉइल हलते त्या फटीत, ओढला जातो. टोपी स्क्रूने निघत असेल तर ती काढून जागी बारीक विणीचं कापड ताणून लावा आणि तसंच मोजा. रेझोनन्स खाली सरकतो, पण म्हणून क्रॉसओव्हर (ड्रायव्हर जिथून वाजायला लागतो ती फ्रिक्वेन्सी) खाली आणू नये. डायफ्रॅम आणि फेज प्लग (त्याच्यापुढचा फटी असलेला ठोकळा) यांच्यामधलं अंतर मिलिमीटरपेक्षाही कमी असतं, त्यामुळे खालच्या सुरांवर जास्त हलणारा डायफ्रॅम प्लगवर आपटतो.