आधी ४ची लेन्स, मग बाकीचं

"मॅडम, मले तर निस्तं गुलाबी दिसून रायलं." पॅथॉलॉजीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला दरवर्षी कोणीतरी हे म्हणतंच. पोरगं खोटं बोलत नसतं. मायक्रोस्कोपच्या आयपीसमधून त्याला काय दिसतंय ते मला कळत नाही, आणि मी वाकून बघेपर्यंत स्लाइड सरकलेली असते. एका मुलीने तर गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी जर्नलमध्ये हवेचा बुडबुडा काढला होता, काळ्या कडेसकट, फार सुबक. सगळ्यांनी एकाच जागेकडे बघायचं असेल तर स्क्रीन हवी. अख्ख्या स्लाइडचं चित्र काढणारा स्कॅनर नसला तरी चालतं.

स्कॅन केलेल्या स्लाइडची लिंक मात्र पोरांना पाठवू नका. ४०च्या, म्हणजे ४० पट मोठं दाखवणाऱ्या लेन्सला स्कॅन केलं तर एक पिक्सेल साधारण पाव मायक्रॉनचा होतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे दीड सेंटीमीटरच्या चौकोनी तुकड्याचं चित्र ६०,००० गुणिले ६०,००० पिक्सेलचं. कॉम्प्रेस केलं तरी फाइल कित्येकदा जीबीच्या घरात जाते. आमच्याकडे दुपारी लाइट जाते, तिच्यामागे नेटही जातं. पहिल्या वर्षी मी लिंक दिली, तर सगळी बॅच राखाडी चौकोन बघत बसली. आता फाइल पेनड्राइव्हवर, लॅपटॉप आदल्या रात्री चार्ज करून, आणि त्यात क्यूपाथ. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, एकदा टाकलं की नेट मागत नाही, आणि चित्रावर गोल-रेघा काढून ठेवता येतात.

आपल्याच स्लाइड वापरायच्या तर मोबाइल पुरतो. आयपीस पुसा, मोबाइल थोडा लांब धरा आणि उजेडाचं वर्तुळ स्क्रीनभर होईपर्यंत हळूहळू जवळ आणा. बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा. हात थरथरत असेल तर बाजारात क्लॅम्प मिळतो. लेबलवरचं पेशंटचं नाव फोटोत येऊ देऊ नका. फाइलच्या नावातही निदान नको. माझ्या पहिल्या फाइलचं नावच 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' होतं, आणि मी खुशीत, की पोरं किती हुशार!

आता शिकवण्याचं. पोरांना मोबाइलची सवय, चित्र दिसलं की दोन बोटांनी मोठं करतात. म्हणून पहिली दोन मिनिटं झूमला हात लावायचा नाही. तोंडाच्या कॅन्सरची स्लाइड घ्या. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाणारं कोणीतरी प्रत्येकाच्या घरी असतं, त्यामुळे वर्ग आपोआप गप्प होतो. ४च्या लेन्सएवढ्या आकारात एका कडेला तोंडाचं नीट थर लावलेलं आतलं अस्तर दिसतं, आणि त्याच्याखाली, जिथे त्या पेशी नसायला हव्यात तिथे, त्यांची बेटं उतरलेली. "कुठे बिघडलंय?" एवढंच विचारा. बोट ठेवता आलं की मग १०. बेटाच्या मधोमध कापलेल्या कांद्यासारखे गुलाबी पापुद्रे दिसतात, तो केराटिन पर्ल. ४० सर्वांत शेवटी: केंद्रक किती मोठं, किती काळं, विभाजन कुठे चाललंय. आकाराचा अंदाज घ्यायला शेजारची तांबडी पेशी धरा, ७ ते ८ मायक्रॉन. फुकटची फूटपट्टी.

सिकल सेलला, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराला, तयार चित्र दाखवूच नका, आमच्या भागात असा रक्ताचा नमुना सहज मिळतो. रक्ताच्या थेंबात ऑक्सिजन काढून घेणारं ताजं २ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळा, कव्हरस्लिपच्या कडा बंद करा आणि दर दहा मिनिटांनी त्याच जागेचा फोटो काढा. सगळे फोटो ओळीने लावले की गोल पेशी विळ्यासारखी वाकताना दिसते. लगेच हेही सांगा की वाहक आणि रोगी दोघांच्याही पेशी इथे वाकतात, फरक कळायला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. हे राहून गेलं तर उद्या हीच पोरं प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून धडधाकट माणसाला रोगी ठरवतील.

स्क्रीनवर फोकस आयता मिळतो, हे तिचं दुखणं. म्हणून दोन तास स्क्रीन झाली की तिसऱ्या तासाला काचेची, न बघितलेली स्लाइड हातात द्यायची. मग १००च्या लेन्ससाठी टाकलेलं तेल कोणीतरी ४०ला लावतंच, आणि संध्याकाळी लेन्स पेपर घेऊन मी पुसत बसते.