मध्येच बंद पडणारा हॅम रेडिओ: कच्चे सोल्डर जोड शोधताना या चुका टाळा

रिग (रेडिओ संच) तासभर ठणठणीत चालतो, मग आवाज एकदम बसतो. चापट मारली की पुन्हा सुरू. संशय कच्च्या, म्हणजे नीट न धरलेल्या सोल्डर जोडावर. अशा वेळी कव्हर उघडून दिसेल त्या जोडावर सोल्डरिंग आयर्न टेकवत सुटणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. बिघाड कधी कधी जातोही, पण तो कुठे होता हे कळत नाही, आणि जुन्या बोर्डावर फार उष्णता दिली की तांब्याचे पॅड उखडतात.

आधी बिघाड पकडा. रिगच्या अँटेना सॉकेटला थेट डमी लोड (अँटेनाऐवजी ट्रान्समिटची शक्ती जिरवणारा रेझिस्टर) लावा. आता एसडब्ल्यूआर (किती शक्ती परत फिरते याचं माप) स्थिर राहिला, तर पहिला संशय अँटेना आणि कोएक्सच्या, म्हणजे अँटेनाच्या केबलच्या, प्लगवर. पीएल-२५९ या नेहमीच्या प्लगची जाड बॉडी उष्णता ओढून घेते. बारीक आयर्नने वरचं सोल्डर चकाकतं, आत केबलची तारांची जाळी मात्र सुटीच राहते.

दोष रिगमध्येच असेल तर प्लास्टिकच्या काडीने हळूच टकटक करा, मग एकेक भाग दाबून पाहा. रिले, ट्रान्सफॉर्मर, कनेक्टर, तापणारे ट्रान्झिस्टर यांच्या पायांभोवती भिंगातून बारीक गोल चीर दिसते का ते बघा. गरम झाल्यावरच बिघडत असेल तर हेअर ड्रायर आणि कूलिंग स्प्रे वापरा. व्हॉल्व्हच्या लिनियर अँप्लिफायरमध्ये (ट्रान्समिटची शक्ती वाढवणाऱ्या जोडयंत्रात) मात्र वीज चालू असताना काडीसुद्धा घालू नका. तिथलं व्होल्टेज जीव घेतं आणि कपॅसिटरमध्ये ते नंतरही टिकून राहतं.

मल्टिमीटरच्या ‘बीप’वर विसंबणं ही दुसरी मोठी चूक. मीटर जोडातून अगदी क्षीण करंट सोडतो, त्यामुळे कच्चा जोडही पास होतो. ०.०५ ओहमचा जोड मीटरला शून्यच वाटतो, पण ट्रान्समिटच्या २० अँपिअरला तिथे १ व्होल्ट पडतो आणि २० वॅट उष्णता तयार होते. म्हणून डमी लोडवर ट्रान्समिट करताना जोडाच्या दोन बाजूंमधलं व्होल्टेज मोजा.

जोड सापडला की जुनं सोल्डर काढा, रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा राळेचा लेप) लावा, नवं सोल्डर भरा. नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स नको, तो तांबं खातो. ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंश सेल्सिअसवर एकदम घट्ट होतं, तरी तेवढा वेळ पाय हलू देऊ नका. रिगचं ट्यूनिंग ठरवणाऱ्या ट्रिमर आणि कॉइलच्या गाभ्यांना या कामात हातही लावायचा नाही.

ज्या टकटकीने किंवा उष्णतेने बिघाड येत होता, तीच पुन्हा देऊन पाहा. तरीही रिग चालत राहिला, तरच कव्हर बसवा.